एक साल मुदत

सोलापुरात थंडी येते ती कोरडी येते. ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात, पहाटे चादर ओढून घेताना तिची वीण गालाला खरखरीत लागते. दुपारचं ऊन मात्र एकदम माणसाळतं. वर्षातले आठ महिने ज्या उन्हाकडे पाठ करून जगायचं, त्याच उन्हात मार्गशीर्ष लागला की लोक खुर्च्या टाकून बसतात. बाजारात बोरं येतात, हुरड्याची पहिली कणसं येतात, आणि चार वाजले की माझे पाय आपोआप चपला शोधू लागतात. पंचाहत्तरी उलटली, डावा गुडघा कामातून गेला, तरी ही सवय काही गेली नाही. हिवाळ्यातले चार म्हणजे मैदानावर जायची वेळ.

मैदान निम्मं उरलं आहे. उरलेल्या भागावर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं आहे, भोवती जाळी आहे. मी जाळीबाहेरच्या बाकावर बसतो. मागच्या महिन्यात खेळून घामाघूम झालेली पाच-सहा पोरं माझ्याशेजारी टेकली आणि वाद घालू लागली. परदेशातल्या कुठल्याशा सामन्यात यंत्रानं रेघ मारून एक गोल बाद केला होता. खेळाडूचा खांदा चार बोटं पुढे होता म्हणे.

"रेफ्रीला डोळे आहेत ना? मग तो टीव्ही बघायला कशाला पळतो?" एक जण म्हणाला.

"डोळे चुकतात म्हणून की."

"मग चुकू देत. आपण नाही का चुकत?"

"तुझा संघ हरला म्हणून तुला यंत्र नको. जिंकला असता तर यंत्राला हार घातला असतास."

त्यातल्या एकाला मी कोण ते माहीत होतं. "आजोबांना विचारा, ते रेफ्री होते. आजोबा, तुमचं मत काय, यंत्र पाहिजे का नको?"

मी म्हणालो, "माझं मत नका विचारू." पोरं हसली आणि आपल्या वाटेनं गेली. मी मात्र अंधारून येईपर्यंत तिथंच बसलो. खेळाचे नियम बदलले तर लोकांना काय वाटतं, हे विचारायचं काम एका हिवाळ्यात मला दिलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं. त्यातलं एक मत मी पुढे वाचताना अर्धं तोडलं, आणि त्या तोडलेल्या अर्ध्यामुळे एका माणसाचं नाव त्याच्याच गल्लीत खराब झालं. तो माणूस माझा मित्र होता. हे मी त्या संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढचा तो हिवाळा. दोन वर्षं पांढरं पडलेलं मैदान पावसानंतर हिरवं झालं होतं, आणि हिरवळीबरोबर सराटेही उगवले होते. ज्यानं सराटा पायात मोडून घेतला नाही त्याला मी तो काय सांगणार. जमिनीसरपट वेल, पिवळं इवलं फूल, आणि फळाला सगळीकडून काटे. कसाही पडला तरी एक टोक वर. आमच्याकडे निम्मे खेळाडू अनवाणी खेळायचे. म्हणून सामन्याआधी एक रीत होती. दोन्हीकडचे प्रेक्षक मैदानाच्या एका टोकाला ओळ करून उभे राहायचे, आणि वाकून सराटे वेचत वेचत दुसऱ्या टोकाला जायचे. गिरणीतले कामगार, टांगेवाले, रेल्वेतली माणसं, कोष्ट्यांच्या गल्लीतले म्हातारे, सगळे. ओळ पलीकडे पोचली की मगच शिट्टी. ज्यानं सामन्याआधी वाकून मैदान साफ केलं त्याला सामन्यात ओरडायचा हक्क आहे, असं लोक मानत.

माझी आई एकदा मोडनिंबहून हुरड्याची पिशवी घेऊन आली होती. तिला मी मैदानावर नेलं. ती ओळ बघून ती थांबली. "आमी जल्मभर रानातलं सराटं उपटून दमलो," ती म्हणाली, "आन् हितं शंभर गडी हौसंनं उपटत्यात व्हय? ह्यास्नी एक दिस आपल्या रानात ने की रं, दत्ता."

मी तेव्हा एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. वय चोवीस. अक्षर चांगलं, इंग्रजी वाचता येई, आणि फुटबॉलचं वेड. खेळता फारसं येत नव्हतं, म्हणून नियम पाठ केले होते. आमच्या गावच्या स्पर्धेला वरच्या संघटनेची मान्यता नव्हती. त्या साली पत्र आलं, मान्यता हवी असेल तर खेळ नव्या नियमांनी झाला पाहिजे. पिवळं आणि लाल कार्ड. बदली खेळाडू. पंचवीस मिनिटांच्या डावाऐवजी पंचेचाळीस मिनिटांचा. बरोबरी झाली तर चिठ्ठी न टाकता पेनल्टी मारायच्या. आणि सगळ्यांच्या पायांत बूट.

स्पर्धा समितीचे अध्यक्ष आमच्याच गिरणीतले एक अधिकारी होते. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. त्यांना आमचे प्रेक्षक माहीत होते. आधीच्या साली चिठ्ठीत हरल्यावर लोकांनी गोलचे खांब उपटून टांग्यात घालून नेले होते. साहेब म्हणाले, "नियम तर बदलायचेच आहेत. पण आधी लोकांची मतं घ्या, लिहून ठेवा. पुढं कुणी म्हणायला नको, आम्हाला विचारलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मान्यता आली की रेफ्रीच्या परीक्षेला पुण्याला पहिलं नाव तुझंच पाठवतो."

काळी चड्डी, काळा सदरा, गळ्यात शिट्टी. त्या रात्री मला झोप आली नाही.

गिरणीच्या फाटकासमोर सिद्रामप्पाचं हॉटेल होतं. सिद्रामप्पा मूळचा दुधनीचा. मराठी बोलताना मधूनच कन्नडला जाऊन यायचा. त्यानं मला कोपऱ्यातलं टेबल दिलं. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मी रजिस्टर उघडून बसायचो आणि पंधरा दिवस लोक येत राहिले. उकळत्या चहाचा वास, ओल्या सुताचा वास, शेंगाचटणीतल्या लसणाचा वास, आणि त्या वासांत मिसळलेली मतं. आजही लसूण ठेचल्याचा वास आला की मला कुणीतरी काहीतरी तावातावानं सांगतंय असं वाटतं.

पहिलं मत सिद्रामप्पाचंच. "कार्ड बरं हाय री," तो म्हणाला. "आता काय होतंय? रेफ्री मराठीत दम देतो, खेळणारा तेलुगूत शिवी देतो, बघणारा कन्नडमधनं सांगतो, आणि कुणालाच काय कळत न्हाई. कार्ड दाखवलं की सगळ्यास्नी एकदम कळलं. पण एक लिही. कार्ड दाखवताना हसायचं न्हाई."

दुसऱ्या पाळीतला एक जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, आला. त्याला पंचेचाळीस मिनिटांचा डाव मंजूर नव्हता. "मला पाळीला जायचं असतं. पंचवीस-पंचवीसचा सामना मी पुरता बघतो. आता निम्मा बघून जाऊ? आणि गोल नंतर झाला तर? पाळीभर मागावर उभा राहून मी काय विचार करू?"

टांगेवाले खाजाभाई पेनल्टीच्या विरुद्ध होते. ते उभ्यानंच बोलायचे, एक डोळा बाहेर घोड्यावर ठेवून. "देख दत्ता, चिठ्ठी में हारे तो नसीब कू बोलते, घर कू जाते, सो जाते. अब पेनल्टी में एक पोरा चुकेगा. पूरी गल्ली उसकू बोलेगी, तेरे वजह से. उम्रभर बोलेगी. नक्को. लिख, खाजाभाई नक्को बोलते."

मी लिहीत गेलो. पण त्यांचं बोलणं मी त्यांच्या बोलण्यात लिहिलं नाही. मला वाटायचं, रजिस्टर म्हणजे रजिस्टर. सिद्रामप्पाचं मत असं झालं : 'सदर प्रेक्षकाच्या मते कार्डपद्धती भाषिक अडचणींच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.' खाजाभाईंचं : 'सदर प्रेक्षक पेनल्टीच्या पद्धतीस अनुकूल नाहीत.' घोडा गेला, झोप गेली, गल्ली गेली. मी ते वाक्य पुन्हा वाचून खूश झालो होतो.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या लोकांपैकी फार थोडे नियमाबद्दल बोलत होते. जॉबर आपल्या पाळीबद्दल बोलत होता. खाजाभाई कुठल्यातरी पोराच्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलत होते. मैदानाच्या कडेला ज्याची जी जागा होती तिथून त्याला जे दिसत होतं, ते तो सांगत होता. बुटांबद्दलही तसंच झालं. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "सगळ्यांनी बूट घातले तर मग आम्ही सामन्याआधी काय करायचं? नुसतं बसायचं?" मी ते लिहिलंच नाही. मला ते मत वाटलं नाही.

नरसय्या शेवटच्या संध्याकाळी आला.

नरसय्या आमच्या मैदानाचा डावा विंगर. कोष्ट्यांच्या गल्लीचा संघ, सगळे अनवाणी, सगळे हातमागावर बसणारे. घोट्याला चादरीच्या काठाच्या फाडलेल्या पट्ट्या आवळून बांधायचे. लहानपणापासून मागाच्या पावड्या दाबून नरसय्याचे पाय रुंद झाले होते, बोटं सुटी सुटी झाली होती. त्या बोटांनी तो चेंडू अडवायचा नाही, पकडायचाच. लांबून आलेला चेंडू त्याच्या पायाशी येऊन गप्प बसायचा. मी कितीतरी रविवार त्याच्या घरी जेवलो. चिंचेचं आंबट सार, भात, त्याच्या आईचे तेलुगूतले प्रश्न आणि माझी माना डोलावून दिलेली उत्तरं. त्यानं मला तेलुगूत वीसपर्यंत आकडे शिकवले होते. त्यापुढे मी गेलो नाही.

गल्लीनं ठरवलं होतं की सगळ्यांच्या वतीनं एकट्या नरसय्यानं बोलायचं. तो टेबलासमोर बसला, हात मांडीवर ठेवून. आपण मित्र आहोत हे तो तेवढ्यापुरतं विसरला होता.

"बूट घालणार नाय असं नको लिहू," तो म्हणाला. "घालतो म्हणून लिही. आज ना उद्या घालायलाच लागणार, कळतं आम्हाला. पण औंदा नको. एक साल मुदत पाहिजे. पायाला सवय करून घेतो. ज्याला बूट मिळतील तो औंदा घालंल, ज्याला नाय तो तसाच खेळंल. पुढच्या साली सगळे घालतो. माझ्या एकट्याचं नको, गल्लीचं म्हणून लिही."

मी लिहिलं : 'सदर गल्लीतील खेळाडू बूट वापरण्यास तयार असून त्याकरिता एक वर्षाची मुदत मिळावी अशी त्यांची विनंती आहे.'

"वाचून दाखव."

वाचलं.

"मुदत आली ना त्यात?"

"आली."

"परत एकदा वाच."

परत वाचलं. तो उठला, लांब भट्टीपाशी असलेल्या सिद्रामप्पाकडे बघून मान हलवली आणि गेला. चहा घेतला नाही. कामाला आलो होतो, असं त्याच्या चालण्यातच होतं.

मीटिंग गिरणीच्या कल्याण केंद्रात झाली. सहा-सात माणसं, मध्ये लांब टेबल, बाहेर गारठा. मी पहिल्या पानापासून वाचायला लागलो. चार पानं झाल्यावर साहेबांनी घड्याळ बघितलं. "सगळं नको. सारांश सांग."

कार्डाचा सारांश सांगितला, पेनल्टीचा सांगितला. बुटाची गोष्ट निघाली तेव्हा एक सभासद म्हणाले, "तिथंच गडबड होणार. अनवाणी पोरं ऐकायची नाहीत. एखादं वर्ष थांबावं काय?"

"वर्ष थांबलं तर मान्यताही वर्ष थांबेल," साहेब म्हणाले. मग मला विचारलं, "त्या नरसय्याचं काय म्हणणं आहे? तो कबूल असेल तर बाकीचे बोलणार नाहीत."

रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. वाक्य माझ्याच अक्षरात होतं, त्याला दोन टोकं होती. मी म्हणालो, "गल्लीच्या वतीनं तोच बोलला. बूट वापरायला तयार आहेत."

"मग झालं," साहेब म्हणाले.

त्यानंतर कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी चहा सांगितला. 'एक वर्षाची मुदत मागितली आहे,' एवढं बोलायला एक श्वास पुरला असता. तो श्वास मी घेतला आणि सोडला. मी स्वतःला सांगितलं की मी खोटं बोललेलो नाही. तयार आहेत असं तो म्हणालाच होता. सारांश म्हणजे काय, थोडं गाळायचं असतंच. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. गाळताना नेमकं काय गाळायचं हे मी शिट्टीकडे बघून ठरवलं होतं, ही गोष्ट मात्र मी स्वतःलाही सांगत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फळ्यावर नोटीस लागली. तीही माझ्याच अक्षरात. बुटाच्या नियमाखाली मी आणखी तीन शब्द घातले, 'अनवाणी खेळाडूंच्या संमतीने'. ते घालायला मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं वाक्य भरल्यासारखं वाटलं.

परीक्षा अजून व्हायची होती, तरी नव्या नियमांचा पहिला सामना रेफ्री म्हणून मला दिला. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं लाल कार्ड कापलं, पिवळं कुठल्याशा खोक्याचं. नरसय्याच्या संघाला गिरणीच्या भांडारातले जुने बूट वापरायला दिले होते. कुणाला दोन बोटं मोठे, कुणाला घट्ट. नरसय्यानं त्याच्या बुटांत वाया गेलेल्या सुताचे बोळे कोंबले होते. त्या दिवशी सराटे वेचायला ओळ लागली नाही. लोक येऊन कडेला उभे राहिले. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. काहींनी खिशात घातले.

पहिल्या डावात नरसय्या चिखलातून चालल्यासारखा धावला. चेंडू त्याच्या पायाला लागून भलतीकडेच जाई. आधी लोक हळहळले, मग हसले. दुसरा डाव सुरू होताना त्यानं रेघेबाहेर बसून बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले, आणि तसाच आत आला. कडेचे लोक टाळ्या वाजवू लागले.

मी शिट्टी मारली. "बूट घालून ये."

तो उभा राहिला. मल्लेश त्याच्या संघातला हाफ, मधल्या फळीत खेळणारा. दोघांचे माग एकाच खोलीत, शेजारी शेजारी होते. सवय नसलेल्या बुटानं मल्लेशच्या टाचा सोलून निघाल्या होत्या, मोजे लाल झाले होते. तो लंगडत पुढं आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "संमती दिलीस की तू. आमची सगळ्यांची दिलीस. आता घाल."

नरसय्यानं मल्लेशकडे बघितलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पळत आलेला माणूस दार उघडायची वाट बघतो तसं. मैदानावर त्या क्षणी खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, त्यातला एक आरोपी होता आणि दुसऱ्याच्या गळ्यात शिट्टी होती.

मी खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि वर धरलं.

तो वळला आणि बाहेर चालू लागला. अर्ध्या वाटेत त्याच्या पायात सराटा घुसला. एका पायावर उभं राहून त्यानं तो काढला, रेघेबाहेर टाकला, आणि बूट तिथंच ठेवून घरी गेला. नंतर तो मैदानावर आला नाही. खेळायलाही नाही आणि बघायलाही नाही.

गल्लीत काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. गिरणीत नोकरी लावतो म्हणून साहेबांनी त्याला फोडलं, असं लोक म्हणाले. नोकरी काही लागली नाही, तेव्हा म्हणाले, फसला. मल्लेशनं आपला माग दुसऱ्या खोलीत हलवला. लग्नकार्यात नरसय्या पंगतीला बसला की शेजारची जागा उशिरा भरायची. मी त्याच्या घरी जाणं टाळलं. पहिल्या रविवारी परीक्षेचा अभ्यास होता. दुसऱ्या रविवारी पुण्याला होतो. पुढं कारण लागेनासं झालं.

मी परीक्षा पास झालो. वीस वर्षं शिट्टी वाजवली. अजूनही बाजारात कुणी कुणी 'रेफ्रीसाहेब' म्हणून हात करतं. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. बुटांनी पाय वाचले, आमची पोरं बाहेर जाऊन खेळू लागली. दोन-तीन वर्षांत कोष्ट्यांच्या गल्लीतही बूट घालून चांगले खेळणारे तयार झाले. म्हणजे शिकायला वेळ लागतो एवढंच नरसय्या म्हणाला होता, आणि तेवढं बरोबर होतं. गिरणी बंद पडली तेव्हा कल्याण केंद्रातली कपाटं कुठं गेली कुणास ठाऊक. ते रजिस्टरही त्यांबरोबर गेलं असेल. आता त्या ओळीचा पुरावा म्हणून मी तेवढा उरलो आहे, आणि माझे किती हिवाळे उरले आहेत ते डॉक्टर नीट सांगत नाहीत.

पोरांच्या त्या वादानंतर चार दिवसांनी मी नरसय्याच्या घरी गेलो. पन्नासेक वर्षांनी त्या गल्लीत पाय ठेवला असेल. माग आता मोजकेच आहेत, पण दुपारी ओट्यांवर बायका अजून विड्या वळत बसतात. नरसय्या खोलीत खाटेवर बसला होता. मांडीवर टॉवेलांचा ढीग होता आणि त्यांच्या टोकांच्या दशा तो चाचपून गाठवत होता. एका डोळ्यानं दिसत नाही आता, दुसऱ्यानं अंधुक.

"कोण?"

"दत्ता. टाइम ऑफिसातला."

"बस की." त्याचे हात थांबले नाहीत. सुनेनं पाणी आणून ठेवलं.

मी तयारी करून गेलो होतो. सगळी वाक्यं विसरलो. "नरसय्या, मीटिंगला मी मुदतीचं वाचलं नाही," एवढंच म्हणालो. "तू मागितली होतीस. मी गाळली. मला परीक्षेला जायचं होतं."

त्यानं एक गाठ पुरी केली. "तेव्हाच कळलं की मला. मी गल्लीत सांगितलं पण. म्हणाले, कागद लागलाय, वाच. तुझं अक्षर." पुढची दशा चाचपत म्हणाला, "आमच्यात तेव्हा वाचणारे कमी. म्हणून कागदावर विश्वास जास्त."

"मी चुकलो."

"अरे, मला काय सांगतोस? मी काय बोललो ते मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग."

"आता कोण राहिलंय?"

"मल्लेश हाय की." मग दुसरा टॉवेल घेऊन म्हणाला, "त्याचा नातू येतो आमच्याकडं. तो येत नाय."

मल्लेशचं घर दोन गल्ल्या सोडून. तो ओट्यावर उन्हात बसला होता, काठी गुडघ्यांत धरून. मला त्यानं ओळखलं, हसून जागा दिली. मी त्याच्या कानाजवळ वाकून हळू आवाजात सांगायला लागलो.

"काय? मोठ्यानं बोल. ऐकू येत नाय."

पुन्हा सांगितलं.

"अजून मोठ्यानं, रेफ्रीसाहेब. मैदानावर ओरडायचास की."

तेव्हा मी ओरडून सांगितलं. नरसय्यानं संमती दिली नव्हती. त्यानं तुमच्या सगळ्यांसाठी एक साल मुदत मागितली होती. मी मीटिंगला ते सांगितलं नाही. नोटीस मी खोटी लिहिली. समोरच्या ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले. सायकलवरून जाणारा एक माणूस पाय टेकून उभा राहिला. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा. तिथून एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून बघत होती.

मल्लेशनं विचारलं, "एक साल?"

"एक साल."

तो आपल्या टाचांकडे बघत बसला. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यानं काठी टेकली आणि उठायचा प्रयत्न केला. मी हात पुढं केला. त्यानं तो धरला नाही, भिंतीला धरून उठला.

"चल," म्हणाला. "मला एकट्याला तिकडचा नाला ओलांडता येत नाय."

आम्ही हळूहळू गेलो. दारात मल्लेशच्या काठीचा आवाज झाला तशी नरसय्यानं मान वर केली. कोण ते त्यानं विचारलं नाही. मांडीवरचे टॉवेल उचलून बाजूला ठेवले, खाटेवर जागा केली, आणि म्हणाला, "कूसो." मल्लेश बसला. दोघांत हातभर अंतर होतं. सुनेनं चहा आणला, तो निवला. मग मल्लेश तेलुगूत काहीतरी बोलला, लहानसं. नरसय्यानं त्याहून लहान उत्तर दिलं. मग दोघं बोलू लागले. आधी थांबत थांबत, मग एकमेकांचं वाक्य तोडत.

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून होतो. वीसपर्यंतचे आकडे सोडले तर मला त्यातलं काही कळत नव्हतं. माझं नाव दोनदा आलं. काय म्हणालात, असं मी विचारलं नाही.